जुन्या कुस्त्यांचे परीक्षण

प्रश्न : प्रादेशिक कंपन्यांच्या काळातील अमेरिकी व्यावसायिक कुस्त्या संथ वाटतात, त्यांचे परीक्षण कसे करावे? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असे. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स या प्रादेशिक कंपन्यांच्या संघाचा विजेता गावोगावी जाऊन स्थानिक मल्लाशी लढे आणि त्याला तुल्यबळ भासवी, हे ध्यानात घेतल्यास त्या संथपणाचे प्रयोजन कळते. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी ग्रीन्सबरो येथे पिंजऱ्यात झालेली हार्ली रेस आणि रिक फ्लेअर यांची लढत अवश्य पाहा : फ्लेअरचे सोनेरी केस रक्ताने माखतात, म्हणूनच वरच्या दोरावरून झेप घेऊन त्याने मिळवलेला विजय खरा वाटतो. पंच जीन किनिस्की यांची लुडबुड मात्र मला खटकते. पेडण्याच्या दशावतारातही युद्धाचा शेवट ठाऊक असतो, तरी प्रेक्षक जागचा हलत नाही. परीक्षण लिहिताना मल्ल दुखावल्याचे दाखवलेला अवयव अखेरपर्यंत जपतो का, हे आधी तपासावे.