वाचक विचारतात : ड्युएट जमतं म्हणजे नेमकं काय जमतं?

प्रश्न : ताई नमस्कार. मी आणि सौ. इंदूरच्या एका कराओके ग्रुपमध्ये गेली बरीच वर्षं गातोय. सोलो दोघांचंही चांगलं होतं, टाळ्या पडतात, पण ड्युएट घेतलं की काहीतरी बिनसतं. सूर बरोबर, ताल बरोबर, तरी ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं आळीपाळीनं धडा वाचतायत. ग्रुपमधला एक मित्र तर सरळ म्हणाला, "भिया, आप दोनों अलग-अलग ही गाओ." मागे मुलानं गाडीत मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचं एक जुनं अमेरिकन गाणं लावलं, भाषा निम्मी कळली नाही पण दोघं एकमेकांसाठीच गातायत असं वाटलं. त्यांचं लग्न झालेलं होतं का? आणि असे आवाज जुळणं ही देणगीच असते की शिकता येतं?
(राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : काका, आधी लग्नाचं सांगून टाकते. नाही. मार्विनचं लग्न अ‍ॅना गॉर्डीशी झालेलं होतं, म्हणजे ज्या मोटाऊन रेकॉर्ड कंपनीसाठी तो गायचा तिच्या मालकाच्या बहिणीशी, आणि टॅमीचं आयुष्य वेगळीकडे चाललेलं होतं. दोघांची मैत्री मात्र घट्ट होती. आणि मुलानं लावलेलं गाणं बहुतेक 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' असणार, 1967 चं, कारण त्यांचं नाव काढलं की पहिलं तेच लागतं. तर त्या गाण्याची गोष्ट अशी की ते दोघं एका माइकसमोर उभं राहून गायलेलेच नाहीत. टॅमीनं तिचा भाग आधी एकटीनं रेकॉर्ड केला आणि मार्विननं नंतर स्टुडिओत येऊन, तिचा आवाज ऐकत, त्यावर आपला आवाज चढवला.

हे कळल्यावर गाणं परत ऐका, शक्यतो हेडफोन लावून. सुरुवात मार्विन करतो, मग टॅमी येते आणि तिच्या ओळी चालू असताना, जिथे ती श्वास घ्यायला थांबते बरोब्बर त्या फटीत मार्विन दोन-तीन शब्द टाकतो, काळजी करू नकोस अशा अर्थाचे, अगदी हलक्या आवाजात. ते शब्द मोठ्यानं म्हटले असते तर तिची ओळ तुटली असती आणि जरा उशिरा आले असते तर तिच्या पुढच्या शब्दावर आदळले असते. टेपवरच्या आवाजाला तो इतक्या आपुलकीनं उत्तर देतो, म्हणजे त्यानं तिचा एकेक श्वास आधी किती ऐकला असेल बघा. माझं ठाम मत आहे की आपण ज्याला केमिस्ट्री म्हणतो ती यातच असते, समोरच्याला ऐकण्यात. आणि ऐकणं शिकता येतं.

आता तुमच्याकडे येते. मी आपल्या शहरातले कराओकेचे कार्यक्रम बरेच ऐकते, घरगुती बैठकीतले पण आणि जाल सभागृहातले पण, आणि ड्युएट चालू असताना नव्वद टक्के जोड्यांचे डोळे टॅबवर असतात. बायको गात असते तेव्हा नवरा स्क्रीनवर आपली ओळ कधी रंगते याची वाट बघत असतो, श्वास आधीच भरून ठेवलेला, खांदे वर, आणि ओळ आली की तो एकदम उडी मारल्यासारखा सुरू होतो. तिनं आधीची ओळ कुठे सोडली, जोरात की हळू, शेवटचा सूर लांबवला की तोडला, यातलं काहीच त्याच्या कानात गेलेलं नसतं. मग ऐकणाऱ्याला धडे वाचल्यासारखं वाटणारच ना.

तर एक करा. कुठलंही एकच ड्युएट घ्या आणि दोघांनीही पूर्ण पाठ करा, स्वतःच्या ओळी नाही, पूर्ण. मग घरात टॅब बंद, ट्रॅक बंद, समोरासमोर बसा आणि भाग अदलाबदल करून गा, तुम्ही वहिनींच्या ओळी आणि त्या तुमच्या. त्यांच्या ओळी गाताना तुम्हाला कळेल त्यांना श्वास कुठे कमी पडतो, कुठली जागा अवघड आहे, आणि परत आपापल्या भागावर आलात की तिथे तुम्ही आपोआप आवाज खाली घ्याल. दुसरं म्हणजे त्या गात असताना तुम्ही मनात त्यांची ओळ गायची आणि श्वास त्यांच्याबरोबरच घ्यायचा, म्हणजे तुमची ओळ त्यांच्या ओळीच्या वजनावर सुरू होईल.

आवाज खाली घेण्यावरून आठवलं. मार्विन तेव्हा मोठा स्टार होता, टॅमी त्या मानानं नवी. तरी तो तिच्यावर कुठेही चढून गात नाही. टॅमीच्या आधी त्यानं मेरी वेल्सबरोबर अख्खा अल्बम केला होता, किम वेस्टनबरोबरचं 1966 चं 'इट टेक्स टू' तर गाजलंच, आणि टॅमीनंतर 1973 मध्ये डायना रॉसबरोबर अल्बम आला. तो रॉसबरोबरचा अल्बम गोड आहे, मी तो पुष्कळ ऐकलाय, पण मला त्यात दोन मोठी माणसं एकमेकांचा मान ठेवून गाताना ऐकू येतात, टॅमीबरोबर जो मोकळेपणा आहे तो नाही. टॅमीचा आवाज सरळ, उजळ, न लाजता समोर येणारा, आणि मार्विनचा कडेला थोडा मऊ, हवा मिसळलेला, म्हणून दोन्ही एकाच वेळी वाजले तरी वेगवेगळे कळतात. त्यांची बरीच उत्तम गाणी निकोलस अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलरी सिम्पसन यांनी लिहिली, ते दोघं पुढे नवरा-बायको झाले आणि स्वतःही जोडीनं गायले, त्यामुळे संवाद कसा लिहायचा हे त्यांना आतून ठाऊक होतं.

टॅमीचं पुढे फार वाईट झालं. ऑक्टोबर 1967 मध्ये व्हर्जिनियातल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात ती स्टेजवरच कोसळली, मार्विननं तिला सावरलं. ब्रेन ट्यूमर निघाला, ऑपरेशनं झाली, आणि मार्च 1970 मध्ये ती गेली, वय फक्त 24. मार्विन त्यानंतर बराच काळ स्टेजवर गेला नाही. त्यांच्या 1969 च्या शेवटच्या अल्बमबद्दल एक वाद आजही चालतो. मार्विननं नंतर सांगितलं होतं की टॅमी इतकी आजारी होती की त्यातला पुष्कळसा आवाज खरं तर व्हॅलरीचा आहे, आणि व्हॅलरीचं म्हणणं असं की तिनं फक्त टॅमीला ऐकून शिकता यावं म्हणून गाऊन दिलं होतं, रेकॉर्डवर टॅमीच आहे. मी तो अल्बम त्यांच्या आधीच्या दोन अल्बमच्या शेजारी लावून ऐकते तेव्हा मला गाणी छान वाटतात, पण ती फटीत टाकलेल्या शब्दांची मजा कमी सापडते.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे, मला सोल म्युझिक नुकतंच आवडायला लागलंय. सोलमध्ये ड्युएट इतके का आहेत आणि कुठून ऐकायला सुरुवात करू?
(विजयनगर, इंदूर)

उत्तर : अगं, सोलचं मूळ चर्चमध्ये आहे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल गाण्यात, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांत. तिथे एकजण ओळ टाकतो आणि बाकीची मंडळी उत्तर देतात, आपल्याकडे कीर्तनात बुवांनी चरण टाकला की मागचे टाळकरी उचलतात ना, तसंच. त्यामुळे सवाल-जवाब या गायकांच्या अंगातच होता, दोन माणसं माइकवर आली की ते बाहेर येणारच.

सुरुवात तू अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीपासून कर. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं सिनेमा थिएटर होतं, खुर्च्या काढल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिलेला, आणि तिथल्या रेकॉर्डिंगचा आवाज डेट्रॉइटच्या मोटाऊनपेक्षा रांगडा येतो. तिथलं ओटिस रेडिंग आणि कार्ला थॉमस यांचं 'ट्रॅम्प' ऐक, 1967 चं. गाणं मूळ लोवेल फुल्सनचं, पण या दोघांनी त्याचं भांडण करून टाकलंय. कार्ला त्याला खेडवळ म्हणून हिणवते, कपड्यांवरून, केसांवरून, आणि ओटिस आपल्या गाड्यांची यादी सांगत सुटतो. अर्धं गाणं तर बोलणंच आहे! पण ड्रमच्या ठोक्यावर ते बोलणं असं बसलंय की एक शब्द मागेपुढे होत नाही, आणि कार्लाचा तो शांत, जरा नाक वर केलेला स्वर नसता तर ओटिसचा गडगडाट नुसताच गडगडाट राहिला असता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात ओटिस गेला, 26 वर्षांचा होता.

हे झालं की मग रॉबर्टा फ्लॅक आणि डॉनी हॅथवे. हे एकदम वेगळं प्रकरण आहे, दोघंही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत शिकलेले, दोघंही पियानो वाजवणारे, त्यामुळे घाई कशाचीच नाही. त्यांचा 1972 चा अल्बम घे, त्यातल्या 'व्हेअर इज द लव्ह'ला ग्रॅमी मिळालं. रॉबर्टा सूर सरळ ठेवते, जवळजवळ काहीच करत नाही आणि डॉनी त्या सरळ रेषेभोवती फिरतो. तिनं पण हरकती घ्यायला सुरुवात केली असती तर सगळा गोंधळ झाला असता, तुला शास्त्रीय शिकायला पाठवलं असेल लहानपणी तर हे लगेच कळेल. 1978 मध्ये 'द क्लोजर आय गेट टू यू' आलं, डॉनी त्या काळात मानसिक आजाराशी झगडत होता, आणि जानेवारी 1979 मध्ये तो गेला. रॉबर्टा 2025 पर्यंत होती.

प्रश्न : जोडीनं गाणाऱ्यांचं आपसात पटत नसेल तर गाण्यात ते कळतंच, असं माझी सून म्हणते. मला ते पटत नाही. तुमचं काय मत?
(लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आजी, मी तुमच्या बाजूची. सॅम आणि डेव्ह म्हणून जोडी होती, सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर, दोघंही पुरुष, 'सोल मॅन' आणि 'होल्ड ऑन, आय'म कमिन' त्यांचीच. सॅमचा आवाज उंच आणि धारदार, डेव्हचा खालचा, खरखरीत. स्टेजवर एकानं टाकलेली ओळ दुसरा हवेतच झेलायचा, घामानं भिजेपर्यंत गायचे, आणि स्टेजवरून उतरले की वर्षानुवर्षं एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत. तसेच 1981 पर्यंत अधूनमधून एकत्र गात राहिले. रेकॉर्ड ऐकून कुणाला सांगता येईल का?

आपल्याकडचंच बघा ना. लताबाई आपल्या इंदुरातच जन्मल्या म्हणून आपण अभिमानानं सांगतो, तर त्यांचं आणि रफीसाहेबांचं साठच्या दशकात रॉयल्टीवरून बिनसलं होतं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. नंतर समेट झाला, परत गायला लागले, आणि समेटानंतरच्या गाण्यात कुठे ओरखडा दिसतो असं मला तरी कधी वाटलं नाही. सूनबाईंचं एक मात्र खरं आहे, माइकसमोर असताना ऐकणं बंद झालं तर ते लगेच कळतं, मग बाहेर कितीही गोडी असो. पहिल्या प्रश्नातले काका-काकू बघा, त्यांचं घरात छान पटतंय पण गाणं अडलंय.

प्रश्न : आम्ही दीर-भावजय मिळून गातो. ओरिजिनल पट्टीत ट्रॅक लावला तर मला फार वर जातं आणि खाली घेतलं तर दीरांचा आवाज गायब होतो. काय करावं?
(महू)

उत्तर : वहिनी, हा अडथळा जवळपास प्रत्येक जोडीला येतो, आणि त्यात तुमचा दोष नाही. साधारण पुरुषाला हार्मोनियमची काळी एक सोयीची आणि बाईला काळी चार, म्हणजे दोघांत सा ते प एवढं अंतर, आणि ड्युएट एकाच पट्टीत गायचं असतं. त्यामुळे कुणालातरी थोडं सोसावं लागतं, पण ते सोसणं वाटून घेता येतं. अ‍ॅपमध्ये ट्रॅक एकदम चार-पाच स्वर खाली ओढू नका, एकेक अर्धा स्वर खाली घेत जा आणि तुमची सगळ्यात वरची जागा ताण न देता लागली की तिथेच थांबा. मग भावोजींच्या ज्या ओळी फार खाली जातात त्या बघा, बहुतेक दोन-तीनच निघतील. त्या त्यांनी वरच्या सप्तकात घ्याव्यात, किंवा जवळजवळ बोलल्यासारख्या म्हणाव्यात, माइक तोंडाजवळ आणून. ओटिस रेडिंग जर बोलून गाणं पेलतो तर भावोजींनी दोन ओळी बोलायला हरकत नाही.

आणि तुम्ही पत्रात ब्लूटूथ स्पीकर वापरतो असं लिहिलंय, तो प्रॅक्टिसला तरी बंद करा. त्यावर आवाज किंचित उशिरा येतो, तुम्ही ट्रॅकच्या मागे आणि भावोजी तुमच्या मागे असं होत जातं आणि मग दोघांनाही वाटतं की समोरचाच चुकतोय. वायरवाला स्पीकर घ्या, फोन थेट जोडा. एवढं करूनही एखादी जागा अडली तर गाण्याचं नाव आणि तुमची दोघांची पट्टी लिहून कळवा, पुढच्या अंकात तेवढीच जागा घेऊन सविस्तर लिहीन.