गोळी टाळण्यासाठी ठेव मोडू नका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय २७, केस विरळ व्हायला लागून चार वर्षं झाली, वडील आणि मामा दोघांनाही टक्कल. डॉक्टरांनी केसगळती रोखणारी फिनास्टेराइडची गोळी सुचवली, पण ती वर्षानुवर्षं घ्यायची तुम्हाला भीती वाटते. म्हणून हेअर ट्रान्सप्लांट करून ‘एकदाच काय तो खर्च करावा आणि मोकळं व्हावं’ असं मनात आहे. खर्च पाच महिन्यांच्या पगाराएवढा. त्यातला तीन महिन्यांचा पगार मुदत ठेव मोडून उभा करायचा, उरलेला १८ बिनव्याजी हप्त्यांत फेडायचा. सवलत महिनाअखेरपर्यंत आहे आणि टोकन भरून झालं आहे. ठेवीशिवाय दुसरी शिल्लक नाही.

ठेव मोडू नका, आणि या महिन्यात शस्त्रक्रियाही करू नका. केसांची चिंता क्षुल्लक आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तेविसाव्या वर्षापासून रोज आरशात कपाळ वर सरकताना पाहणं माणसाला आतून पोखरतं. त्यावर पैसे घालायला मी उधळपट्टी म्हणणार नाही. माझी हरकत ‘एकदाच’ या शब्दाला आहे.

१९५९ साली नॉर्मन ओरेंट्राइख या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं की मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते मागच्याच गुणाने वागतात, म्हणजे टिकतात. सगळी केशरोपणं या एका गोष्टीवर उभी आहेत. पण टिकतात ते लावलेले केस. त्यांच्या आजूबाजूचे तुमचे मूळचे केस डीएचटी या संप्रेरकामुळे बारीक होतच राहतात. औषध न घेता सत्ताविसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली, तर पस्तिशीपर्यंत पुढे केसांची पट्टी आणि तिच्यामागे मोकळा माथा, असं होऊ शकतं. मग पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणजे गोळीचा खर्च आणि भीती टाळायला तुम्ही जो मार्ग निवडताय, तोच तुम्हाला गोळीकडे किंवा दुसऱ्या बिलाकडे नेण्याची शक्यता मोठी आहे.

आणि त्या दुसऱ्या वेळी नुसते पैसे असून भागत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस ही तुमची गंगाजळी आहे, आणि तिच्यात भर पडत नाही. काढलेल्या जागी पुन्हा केस उगवत नाहीत. एका बैठकीत दोन-तीन हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे छोटे पुंजके, सहज खर्ची पडतात, आणि आयुष्यभरात सुरक्षितपणे काढता येतील असे ग्राफ्ट मोजकेच असतात. टक्कल कुठवर जाणार हे सत्ताविशीत अजून ठरलेलं नसतं. तुमच्या घरातला वारसा पाहता ते बरंच पुढे जाईल असं धरूनच हिशेब करायला हवा. पैशांची ठेव मोडली तर पाच वर्षांत पुन्हा उभी राहील. ही दुसरी ठेव आज पुढच्या रेघेवर संपवली, तर पंचेचाळिशीत माथ्यासाठी काहीच उरणार नाही.

गोळीची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी अमेरिकेत १९९७ पासून मान्य आहे, त्यामुळे अनुभव मोठा आहे. तरी काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, काहींनी गोळी थांबवल्यावरही त्या राहिल्याचं सांगितलं आहे, आणि आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचं युरोपीय औषध नियामकाने २०२५ मध्ये नोंदवलं. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नका. ती घेत असताना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा साधारण निम्मा येतो, हेही लक्षात असू द्या. नुसतं मिनॉक्सिडिल, म्हणजे डोक्याला वरून लावायचं औषध, वापरण्याचा पर्यायही विचारा. ही दोन्ही औषधं बंद केली की वर्षभरात त्यांचा फायदा ओसरतो, म्हणून त्यांचा खर्च वीजबिलासारखा कायमचा धरायचा. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध झेपेल ते डॉक्टरच ठरवतील, पण ठरल्यावर वर्षाचा आकडा काढा आणि त्याला वीसने गुणा. शस्त्रक्रियेची खरी किंमत बिलात ही रक्कम मिळवल्यावर कळते.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. रोख भरले तर किती, हे लेखी विचारा. तो आकडा कमी निघाला किंवा प्रक्रिया शुल्क लागलं, तर व्याज तिथे लपलेलं आहे. लावलेले केस आधी महिना-दीड महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी फुटायला लागतात आणि पूर्ण परिणाम वर्षाने दिसतो. त्याआधी नोकरीत काही झालं, तर हप्ते चालू आणि हाताशी ठेव नाही, अशी गत होईल. आरोग्य विमाही सहसा अशा शस्त्रक्रियेला पैसे देत नाही.

माझ्या मते पुढचं वर्ष असं जावं. शस्त्रक्रिया करणाऱ्या क्लिनिकशी संबंध नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि जमेल ते औषध सुरू करा. दर तीन महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढा. जो हप्ता भरणार होतात तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. वर्षाने गळती थांबलेली दिसली, तर कमी ग्राफ्टमध्ये भागेल आणि बराचसा पैसा स्वतःचा असेल. तेव्हा ग्राफ्ट स्वतः शस्त्रवैद्य काढणार की सहायक, आणि मागे किती शिल्लक ठेवणार, हे विचारा. औषध सोसलंच नाही, तर तिशी उलटेपर्यंत थांबा आणि रेघ उंच, साधी ठेवायला सांगा. केस अगदी बारीक कापून राहणं तुम्हाला मनापासून आवडलं, तर हा सगळा पैसा तुमच्याकडेच राहील.

टोकन परत मिळण्याची अट आज वाचा आणि लेखी मागणी करा. नाही मिळालं तर ती रक्कम गेली असं समजा. ती वाचवायला पाच महिन्यांचा पगार पुढे टाकू नका.