‘जुनंच बरं होतं’ या तक्रारीचा अभिप्राय कसा करायचा? (रँचरचा नवा इंटरफेस)

तुम्ही लिहिलंय की रँचर, म्हणजे कुबरनेटिस (सर्व्हरच्या गटावर, अर्थात क्लस्टरवर, ॲप चालवणारी यंत्रणा) ब्राउझरमधून सांभाळायचं टूल, २.५ वरून पुढच्या आवृत्तीवर गेल्यापासून तुमची आठ जणांची टीम वैतागली आहे. ‘काही सापडत नाही, जुनंच बरं होतं’ यापलीकडे कोणी बोलत नाही आणि साहेबांना मात्र तुमच्याकडून लेखी अभिप्राय हवाय. २०२१ मध्ये २.६ आलं तेव्हा आम्ही यातून गेलो आणि ते काम माझ्याकडेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

परत जायचा विचार आधीच सोडून द्या. २.५ मध्ये एम्बरमध्ये लिहिलेला जुना क्लस्टर मॅनेजर आणि व्ह्यूमध्ये लिहिलेला क्लस्टर एक्सप्लोरर (एम्बर, व्ह्यू ही वेब-पडदे बनवायची साधनं) असे दोन्ही पडदे होते, त्यामुळे बहुतेक जण सवयीच्या पडद्यावरच राहिले. २.६ पासून एक्सप्लोररच मुख्य झाला. जुन्या पडद्यासाठी जुन्या आवृत्तीवर बसून राहायचं म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर पाणी सोडायचं.

आता लोक नक्की कुठे हरवतात ते. जुन्या पडद्यावर वाट ठरलेली होती: क्लस्टर, त्यात प्रोजेक्ट, त्यात वर्कलोड (म्हणजे चालणारं ॲप). पण प्रोजेक्ट ही रँचरची स्वतःची कल्पना. काही नेमस्पेस (क्लस्टरमधले नावानं वेगळे केलेले कप्पे) एकत्र बांधून त्यांवर माणसांना परवानग्या द्यायच्या, मुख्यतः हेच ते. मूळ कुबरनेटिसमध्ये प्रोजेक्ट नावाची वस्तूच नाही. नव्या पडद्यानं कुबरनेटिसच्या वस्तू समोर आणल्या. डिप्लॉयमेंट, स्टेटफुलसेट, क्रॉनजॉब (ॲप चालवायचे वेगवेगळे प्रकार), पॉड (ॲपची एक चालती प्रत) सगळं डावीकडच्या मेन्यूत वेगवेगळं मांडलं आणि प्रोजेक्ट एका पानावर आणि वरच्या पट्टीतल्या गाळणीत (फिल्टरमध्ये) गेलं. ज्याचा दिवस क्युबसीटीएलमध्ये (टर्मिनलवरून कुबरनेटिस चालवायच्या कमांडमध्ये) जातो त्याला हे ओळखीचं वाटतं. ज्यानं कुबरनेटिस रँचरच्या पडद्यावरच शिकलं, त्याच्या मात्र पायाखालची वाट गेली. आमच्याकडे टर्मिनलवाले दोन दिवसांत रुळले, सपोर्टवाल्यांना महिना लागला. आणि रात्री दोनला फोन वाजला की पडदा उघडतात ते सपोर्टवाले. म्हणून आठ जणांची मतं सारख्या वजनानं मोजू नका.

मत विचारू पण नका. काम द्या आणि शेजारी बसा. मी सपोर्टमधल्या एका ताईंना सांगितलं, ‘पेमेंटच्या पॉडचे शेवटचे लॉग काढून दाखवा.’ त्या क्लस्टरमध्ये गेल्या, डाव्या मेन्यूत प्रोजेक्टचं नाव शोधलं, सापडलं नाही. मग वर्कलोड उघडलं. यादी रिकामी. माउसवरचा हात तसाच थांबला आणि म्हणाल्या, ‘अहो, डिप्लॉयमेंटच उडालं की काय!’ काहीही उडालं नव्हतं. वरच्या गाळणीत त्यांनीच आदल्या दिवशी दुसरा प्रोजेक्ट निवडला होता आणि ती निवड लक्षात ठेवली जाते. त्यांची नजर डावीकडे, निवड उजवीकडे वर. ‘काही सापडत नाही’ या एका वाक्यात हे एवढं दडलेलं होतं. तुमच्या अभिप्रायात असंच लिहा: कोणतं काम दिलं, माणूस कुठे थांबला, त्याला काय वाटलं, खरं काय होतं. शक्य असेल तर उपायही सुचवा, जसं की गाळणीमुळे यादी रिकामी असेल तर तिथेच ‘अमुक प्रोजेक्टपुरतंच दिसतंय’ असं ठळक यावं.

चांगलं झालंय तेही त्याच प्रामाणिकपणे लिहा. लॉग आणि शेल (पॉडच्या आत कमांड द्यायची खिडकी) आता खालच्या पट्टीत टॅबमध्ये उघडतात. पूर्वी लॉगची खिडकी कामाच्या पडद्यावरच यायची आणि मागचं काम अडायचं. आता एका पॉडचा लॉग खाली वाहता ठेवून वर दुसऱ्याचं यॅमल (मांडणीचा मजकूर) बघता येतं. रात्रीच्या घोळात याची किंमत कळते. ताईंना हे दाखवलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैलावला.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते वेगळंच आहे. असा कोणताही इंटरफेस तपासताना पहिला प्रश्न हा ठेवा: मी आत्ता कोणत्या क्लस्टरमध्ये आहे, हे न शोधता दिसतं का? आधीच्या नोकरीत, एका वेगळ्याच टूलवर, माझ्या सहकाऱ्यानं दोन टॅब उघडे ठेवले होते, एक स्टेजिंगचा (चाचणीचा) आणि एक प्रॉडक्शनचा (खऱ्या ग्राहकांचा). दोन्ही पडदे हुबेहूब, क्लस्टरचं नाव कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरांत. स्टेजिंग समजून त्यानं प्रॉडक्शनचं डिप्लॉयमेंट शून्य पॉडवर आणलं, म्हणजे बंदच केलं. चार मिनिटं ऑर्डर बंद. तो मुलगा अत्यंत काळजीपूर्वक काम करणारा होता, आणि तरीही पुढचे कित्येक महिने प्रत्येक क्लिकच्या आधी त्याचा हात अडखळायचा. मी तेव्हापासून या बाबतीत तडजोड करत नाही. रँचरमध्ये क्लस्टरला बॅज लावता येतो: दोन-तीन अक्षरं आणि रंग. आजच लावून टाका. प्रॉडक्शनला लाल द्या आणि तो लाल दुसऱ्या कुठल्याही क्लस्टरला देऊ नका.

याद्या हळू उघडतात ही तक्रार येईलच. ती नुसती ‘स्लो आहे’ अशी पाठवू नका. क्लस्टर किती, त्या यादीत वस्तू किती, ब्राउझर कोणता, किती सेकंद लागले हे सोबत द्या. रँचरमध्ये पुढे यादीची पानं सर्व्हरवरच पाडण्याची सोय आली, म्हणून तुमची नेमकी आवृत्तीही लिहा. डॅशबोर्डचा कोड गिटहबवर खुला आहे, तक्रारी तिथेच नोंदवता येतात. आधी शोधून बघा, तुमचाच मुद्दा कोणीतरी मांडलेला असेल, तर त्याखाली तुमचं उदाहरण जोडा.

साहेबांना द्यायच्या कागदावर पाचच कामं घ्या, रोजची: लॉग काढणं, इमेज (ॲपची बांधलेली आवृत्ती) बदलणं, पॉड पुन्हा चालू करणं, सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) बदलणं, नव्या माणसाला प्रोजेक्टवर परवानगी देणं. शेवटचं नक्की घ्या, आमच्याकडे सगळ्यात जास्त अडखळले ते तिथे. दोन सपोर्टवाले आणि एक टर्मिनलवाला बसवलात तर अर्ध्या दिवसात होईल. कोण कुठे थांबलं ते इथे लिहा. गाळणीचा आणि परवानग्यांचा भाग मी बघून सांगतो.