देशाला युरोपीय संघातून बाहेर पडायचं असेल, तर नेत्यांनी ते कसं हाताळावं?

घड्याळ सुरू करण्याआधी आपल्याला काय हवंय ते घरात ठरवावं. ब्रिटनने नेमकं उलटं केलं. जून 2016 च्या सार्वमतात 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं, पण बाहेर पडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. मंत्रिमंडळातच एकमत नसताना तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी मार्च 2017 मध्ये कलम 50 ची, म्हणजे संघातून बाहेर पडण्याची अधिकृत नोटीस देऊन टाकली आणि दोन वर्षांची मुदत चालू झाली. वर मध्येच निवडणूक घेऊन बहुमत घालवलं! जानेवारी 2019 मध्ये संघाशी ठरवलेला त्यांचा करार संसदेत 432 विरुद्ध 202 मतांनी आपटला. विरोधातल्या लेबर पक्षाशी बोलणी सुरू झाली ती त्यानंतर, एप्रिलमध्ये. वरातीमागून घोडं.

दुसरं, लोकांना किंमत खरी सांगा. संघात राहिलेला आयर्लंड आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड यांच्या भूसीमेवर मालाची तपासणी नको म्हणून ती ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मधल्या समुद्रावर आली. तसा करार स्वतःच करून मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना सांगत होते की कुणी फॉर्म मागितला तर मला फोन करा, तो कचऱ्यात टाकायला सांगतो. 2021 पासून फॉर्म भरावे लागलेच.