क्रॉस-लिंकिंगनंतर मुलाचा कॉर्निया किती कडक झाला, हे मोजता येतं का?

ताई, मोजता येतं, पण आडवाटेने. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आणि क्रॉस-लिंकिंग म्हणजे तो ताठ करण्याचा उपचार. 2003 साली वोलेनसाक, स्पोर्ल आणि सायलर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी कॉर्नियाच्या पट्ट्या ताणून पाहिल्या. रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) लावून अतिनील प्रकाश दिलेल्या, म्हणजे क्रॉस-लिंकिंग केलेल्या पट्ट्या सुमारे साडेचार पट ताठ निघाल्या. जिवंत डोळ्यावर हे शक्य नाही. तिथे हवेचा झोत मारून कॉर्निया किती दबतो ते वेगवान कॅमेरा टिपतो. पण तो आकडा डोळ्यातल्या दाबावर आणि कॉर्नियाच्या जाडीवरही हलतो, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नका. केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) थांबला का, हे टोपोग्राफीचे, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या तपासणीचे, जुने-नवे नकाशे शेजारी ठेवले की कळतं. त्यासाठी दापोलीहून रत्नागिरीची खेप पडली तरी चुकवू नका. आणि आंब्याच्या मोहोरात डोळे खाजले, तरी मुलाला ते चोळू अजिबात देऊ नका.