माउंटन बाइकने जंप मारताना नेमका किती वेग लागतो, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याजवळच्या माळावर मित्रांनी मिळून मुरमाचा टेबलटॉप बांधला. रॅम्प मीटरभर उंच, वर अडीच मीटरची सपाटी, पुढे रॅम्पएवढाच मीटरभर उंचीचा उतार. मोबाइलच्या ॲपवर ताशी २५ किलोमीटर दिसतो, तरी मागचं चाक दर वेळी सपाटीच्या कडेवर आपटतं. मग वेग किती हवा, २८ की ३०?

भाऊ, आधी त्या ॲपचा नाद सोडा. मोबाइलचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा टिपतं. २५च्या वेगात एका सेकंदात सायकल सात मीटर पुढे जाते आणि तुमचा हवेतला सगळा खेळ पाऊण सेकंदाच्या आत आटोपतो. म्हणजे ॲपला कळायच्या आत तुम्ही खाली आलेले असता. चाकाला चुंबक लावलेला स्पीडोमीटर त्या मानाने बरा, पण रॅम्प समोर आल्यावर त्याच्याकडे बघणार कोण?

आणि समजा २५ अगदी बरोबर आहे. तो रॅम्पच्या पायथ्याचा वेग झाला. मीटरभर चढताना त्यातला बराचसा खर्च होतो आणि टोकावरून सुटताना तुमच्याकडे जेमतेम १९ उरतो. रॅम्पचा कोन ३० अंश धरला तर १९च्या वेगाने सायकल टोकाच्याच उंचीवर परत येईपर्यंत अडीच मीटर जाते. तुमची सपाटी किती? अडीच मीटर. म्हणून कड लागते. २५ने सुटलो असं मनात धरून हिशोब केला तर सव्वाचार मीटर येतात, आणि बहुतेक पोरं तिथेच फसतात.

आता गंमत बघा. पायथ्याचा वेग फक्त दीड किलोमीटरने वाढवला, म्हणजे साडेसव्वीस केला, की उडी तीन मीटरची होते आणि तुम्ही मजेत उतारावर उतरता. पण ३० केलात तर ती साडेचार मीटरच्या आसपास जाते. मीटरभर उंचीचा उतार तिथवर संपलेला असतो, म्हणजे थेट सपाट जमिनीवर. मनगटं आणि घोटे त्याची आठवण बरेच दिवस ठेवतात. कारण उडीची लांबी वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग थोडा वाढला की लांबी चांगलीच वाढते. चांगल्या उडीची पट्टी अशी तीन-साडेतीन किलोमीटरची, आणि तेवढी तर ॲपचीच चूक असू शकते.

म्हणून माझं म्हणणं असं: वेग ताशी किलोमीटरमध्ये मोजूच नका, सुटायच्या जागेत मोजा. फास्ट बोलर रनअपची खूण करून ठेवतो, तशी टेकडीच्या उतारावर एक खूण करा. तिथून ब्रेक सोडायचे, पेडल एकदाही मारायचं नाही, नुसतं घरंगळत यायचं. पेडल मारलं की दर वेळचा जोर वेगळा आणि सगळी मोजणी वाया. एकाच खुणेवरून, त्याच टायरने, त्याच हवेत सुटलात की वेग दर वेळी जवळपास तोच येतो.

यात एक सोपं गणित लपलंय. घरंगळत आलात तर उडीची लांबी सुटायची जागा रॅम्पच्या टोकापेक्षा किती उंच आहे यावर ठरते, आणि ३० अंशाच्या रॅम्पला ती त्या उंचीच्या पावणेदोन पटीपर्यंत जाते. टोकापेक्षा दोन मीटर वरून सुटलात तर साडेतीन मीटर. हा आकडा वरची मर्यादा समजा. भुसभुशीत मुरूम, गुट्ट्यांचे टायर आणि वारा आपापला वाटा काढून घेतात. उंची मोजायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा. दोघांनी दोन टोकं धरली की दहा मिनिटांत काम होतं. तुमच्या जंपला पायथ्यापासून पावणेतीन मीटर उंची कागदावर पुरते, प्रत्यक्षात तीन-सव्वातीनच्या आसपास खूण जाईल असा माझा अंदाज.

पण पहिल्या दिवशी तिथून सुटू नका. खालच्या खुणेपासून सुरुवात करा, रॅम्पवर चढून नुसतं सपाटीवरून गडगडत पलीकडे जा. टेबलटॉपचा फायदाच हा की कमी पडलात तरी खाली जमीन असते. मग वीतभर-वीतभर उंची वाढवत खूण वर न्या. सपाटीच्या कडेला आणि त्यापुढे उतारावर अर्ध्या मीटरवर फक्कीच्या दोन आडव्या रेषा मारा. प्रत्येक उडीनंतर थांबून बघायचं. टायरच्या गुट्ट्यांचा ठसा पहिल्या रेषेवर पडला आणि तिथली फक्की फिसकटली तर उडी कमी. ठसा दोन रेषांच्या मध्ये किंवा दुसरीच्या जरा पुढे असेल तर खूण पक्की, तिथे दगड पुरा. हवेत असताना आपण किती लांब गेलो याचा अंदाज सगळ्यांचा चुकतो, माझाही. फक्कीवरचा ठसा तेवढा खरं सांगतो.

खूण जमल्यावरही उडी कमी-जास्त होत असेल तर दोष तुमच्या अंगात आहे. रॅम्पवर गुडघे दुमडून तो गिळला की उडी बुटकी होते, पाय ताठ करून दाब दिला की वर जाते. आधी एक पद्धत धरा आणि तीच ठेवा. रॅम्पवर ब्रेकला बोट लावायचं नाही. पुढचं चाक दबलं की तोंडावर जाल. वेग जास्त वाटला तर रॅम्पच्या बऱ्याच आधी, सपाट जमिनीवर कमी करा आणि ती उडी सोडून द्या. यात लाज कसली? अमेरिकेत युटामध्ये २००१ साली सुरू झालेल्या रॅम्पेज स्पर्धेतले खेळाडूही मोठ्या जंपआधी नुसते वेग घेऊन येतात, टोकाच्या अलीकडे थांबतात आणि सायकल ढकलत परत वर जातात. वारा सुटला तर स्पर्धाच थांबवून ठेवतात.

वाऱ्यावरून आठवलं. आपल्याकडे सातपुडा आणि सातमाळ्याच्या मधून पश्चिमेचा वारा मोकळा येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. सकाळी सहाला जमलेली खूण मे महिन्यात दुपारी चारला खोटी ठरते. वारा समोरून असेल तर उडी कमी, पाठीमागून असेल तर जास्त. जमलं तर जंप वाऱ्याला आडवा घेऊ नका, आडव्या वाऱ्यात सायकल हवेतच सरकते. तसंही उन्हाळ्यात सकाळी आठनंतर माळावर थांबणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण.

पाऊस पडला की मोजणी पहिल्यापासून. काळी माती टायरला थापली जाते, फोर्कमध्ये अडकते आणि वेग पार मरतो. रॅम्पच्या टोकाला तर काळी माती वापरूच नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि टोक ढासळतं. मुरूम घेतलात ते बरं केलंत, पाणी मारून धुमसा तेवढा मारा. आणि लळिंग कुरणाच्या बाजूला खोदत असाल तर थांबा. ती वनखात्याची जमीन आहे, तिथे फावडं चालवलं तर वेगाचा प्रश्नच उरणार नाही.

मित्राच्या मागे लागून त्याच्या वेगाने जाण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो चालतो, पण त्याची आणि तुमची सायकल सारखी असेल आणि त्याला तो जंप पाठ असेल तरच. त्याची फुल सस्पेंशन आणि तुमची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेंशन नसलेली, असेल तर नाही, कारण मागचं सस्पेंशन रॅम्पचा थोडा धक्का खातं.

मधली सपाटी खोदून गॅप करायचा विचार असेल तर सध्या थांबा. सलग काही सकाळी, वेगवेगळ्या वाऱ्यात, ठसा दोन रेषांच्या मध्येच पडला पाहिजे. फुल फेस हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड आजपासूनच.

रॅम्पचा कोन तुम्ही लिहिलेला नाही. वरचे सगळे आकडे ३० अंशांचे आहेत. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप रॅम्पच्या टोकाशी फळी ठेवून लावा, कोन कमेंटमध्ये टाका, मी हिशोब करून देतो. त्या मोबाइलचा एवढा तरी उपयोग होईल.