लस फुकट होती, तरी लोकांचा विरोध का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इबोलाच्या साथींबद्दल वाचताना एक गोष्ट मनात सलते. काँगोत लस मोफत मिळत होती, आजार निम्म्याहून जास्त रुग्णांचा जीव घेत होता, तरी लोकांनी आरोग्य पथकांवर दगड मारले, उपचार केंद्रं जाळली. हा अडाणीपणा नाही तर काय? आणि अशा ठिकाणी लसीबद्दल बोलायचं तरी कसं?

उत्तर : लोकांना अडाणी ठरवून मोकळं होऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. ऑगस्ट २०१८ मध्ये पूर्व काँगोच्या उत्तर किवू प्रांतात साथ जाहीर झाली. त्याआधी बेनी शहराच्या आसपास कित्येक वर्षं सशस्त्र टोळ्या माणसं कापत होत्या आणि त्यांना वाचवायला कोणी फिरकत नव्हतं. इबोला आला आणि गाड्यांचे ताफेच्या ताफे आले. डिसेंबरमध्ये साथीचं कारण देऊन बेनी आणि बुटेम्बोतली अध्यक्षपदाची निवडणूक पुढे ढकलली. बाकी देशाने मतदान केलं, यांना मत देताच आलं नाही. पुढच्या वर्षी गोवराने देशात इबोलापेक्षा कितीतरी जास्त जीव घेतले, त्यातली बहुतेक लहान मुलं. ‘आमच्या मरणाची किंमत इबोलातच का?’ असं तिथल्या आईने विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?

त्याआधी, २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत, सुरुवातीला आरोग्य यंत्रणेतले लोक ‘इबोलावर औषध नाही’ असंच सांगत सुटले होते. औषधच नाही, तर आजारी माणसाला ताडपत्रीच्या कुंपणाआड एकटं मरायला कोण पाठवेल? घरच्यांनी त्याला घरात ठेवलं, त्याची सेवा केली, आणि सेवा करणारेच पुढचे रुग्ण झाले.

अंत्यविधीचा प्रश्न तर याहून नाजूक. इबोलाने गेलेल्याच्या देहात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे देह धुणं, कवटाळणं धोक्याचं. पश्चिम आफ्रिकेतल्याच गिनी देशात २०१४ मध्ये किस्सी समाजातली एक गरोदर बाई वारली. रीतीप्रमाणे गर्भ वेगळा केल्याशिवाय तिला पुरता येत नव्हतं, आणि तशी शस्त्रक्रिया म्हणजे करणाऱ्याच्या जिवाशी खेळ. कुटुंब अडून बसलं. तेव्हा मानवशास्त्रज्ञ ज्युलियेन अनोको यांनी धमकावलं नाही, वडीलधाऱ्यांनाच विचारलं, ‘यातून तुमच्या परंपरेत काही वाट आहे का?’ वाट निघाली. दोषनिवारणाचा एक विधी होता, तो जाणणारा माणूस शोधून काढला, विधी झाला आणि गर्भासह दफन झालं. लोकांशी संवाद कसा असावा असं कोणी विचारलं, की मी हाच प्रसंग सांगते.

आता लसीचं. तिथे ‘रिंग’ पद्धत वापरतात : रुग्णाच्या संपर्कातले आणि त्या संपर्कातल्यांच्या संपर्कातले, एवढ्यांनाच आधी लस. शेजाऱ्याला साहजिकच वाटतं, त्याला दिली, मला का नाही? म्हणून हे दारावर जाण्याआधीच गावाला समजावून द्यायचं, आणि ते गावातल्याच कोणीतरी, त्यांच्या भाषेत. लशीत जिवंत इबोला विषाणू नसतो. दुसऱ्याच एका विषाणूवर इबोलाचं फक्त एक प्रथिन बसवलेलं असतं, त्यामुळे लशीने इबोला होत नाही. पण एकदोन दिवस ताप, डोकेदुखी, अंगदुखी होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही, तर पहिला ताप आला की ‘लशीनेच इबोला दिला’ ही बातमी तुमच्या गाडीच्या आधी पुढच्या गावात पोचते.

अजून एक सांगायलाच हवं. संरक्षण लगेच मिळत नाही. गिनीतल्या २०१५ च्या चाचणीत लस मिळालेल्या ५,८३७ जणांपैकी एकालाही लसीनंतरच्या दहा दिवसांपुढे इबोला झाला नाही. पण त्याआधीच्या दिवसांत, आधीच संसर्ग झालेला माणूस आजारी पडू शकतो. म्हणून लस घेतलेल्यांचीही संपर्कानंतर एकवीस दिवस विचारपूस करावी लागते. ‘लस घेतली, आता काळजी नको’ असं उत्साहाच्या भरात कधीही बोलू नका.

इबोलाच्या विषाणूच्या वेगवेगळ्या जाती आहेत आणि ही लस त्यातल्या झैर जातीवरच आहे, हेही लक्षात असू द्या. युगांडात २०२२ मध्ये सुदान जातीची साथ आली, तेव्हा तिच्यावर मान्यताप्राप्त लस नव्हती. तिथल्या कार्यकर्त्यांकडे लोकांना सांगण्यासारखं एवढंच होतं : ताप आला तर लगेच या, कोणाकोणाच्या संपर्कात आलात ते मोकळेपणाने सांगा, लवकर उपचार मिळाले तर जगण्याची शक्यता वाढते.